दिव्यांची रंगीत तालीम संगणकावर

मराठी नाटकाच्या प्रकाशयोजनाकाराला मोकळा रंगमंच मिळतो तो फार थोडा वेळ. दुपारचा प्रयोग असेल, तर सकाळच्या नाटकाचा सेट निघेपर्यंत आपला टेम्पो मागच्या दारात उभा असतो. मग नेपथ्य लागणार, मग दिवे चढणार, आणि फोकसिंग संपतंय न संपतंय तोच पहिली घंटा होणार. एकांकिका स्पर्धांत तर हा वेळ मिनिटांत मोजतात. पन्नास-साठ क्यू, म्हणजे ठरलेल्या क्षणी होणारे प्रकाशबदल, असलेलं नाटक एवढ्या वेळात प्रत्यक्ष दिव्यांवर बसवणं शक्य नसतं. म्हणून संगणकावर त्रिमितीय रंगमंच उभा करायचा, त्यावर आभासी दिवे टांगायचे आणि क्यू घरीच रचून ठेवायचे, ही पद्धत गेल्या तीसेक वर्षांत रुजली. हा आभासी रंगमंच दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे व्हिज्युअलायझर. दिवे चालवणारं कन्सोलचं सॉफ्टवेअर मात्र बहुधा वेगळं असतं. या दोघांची जोडणी कशी होते, कुठे अडते, आणि झाल्यावर तिच्यावर किती विसंबायचं, हा या आढाव्याचा विषय.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू. दोन्ही सॉफ्टवेअरचं तीन बाबतींत एकमत व्हावं लागतं: संकेत कोणत्या वाटेने जाणार, कोणता दिवा कोणत्या पत्त्यावर आहे, आणि तो दिवा नेमका कसा आहे. नवखा माणूस पहिल्या बाबीवर रात्र घालवतो. वास्तविक ती आता जवळजवळ सुटलेली आहे. त्रास देते ती तिसरी, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

संकेताची वाट

१९८६ साली अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने डीएमएक्स-५१२ हा संकेत ठरवला. १९९० मध्ये त्यात सुधारणा झाली आणि २००४ मध्ये त्याला अमेरिकी राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. डीएमएक्सच्या आधी एका कंपनीचा कन्सोल आणि दुसऱ्या कंपनीचे डिमर यांचं जमेलच याची खात्री नसे. डीएमएक्सचं एक युनिव्हर्स म्हणजे ५१२ खोल्यांची चाळ समजा. प्रत्येक खोलीत ० ते २५५ मधला एक आकडा राहतो, आणि कन्सोल सेकंदाला सुमारे ४४ वेळा सगळ्या खोल्यांचे आकडे ओरडून सांगतो. साधा डिमर आपल्या एका खोलीपुरतं ऐकतो, मूव्हिंग हेड, म्हणजे मान फिरवणारा दिवा, लागोपाठच्या पंधरा-वीस खोल्यांचं ऐकतो. ऐकणाऱ्याने ऐकलं की नाही, याची चौकशी कन्सोल करत नाही.

व्हिज्युअलायझर शक्य झाला तो या एकतर्फीपणामुळेच. तो आणखी एक ऐकणारा असतो. समोर खरा दिवा आहे की पडद्यावरचं चित्र, हे कन्सोलला कळत नाही आणि कळायची गरजही नसते. पण याच एकतर्फीपणामुळे जोडणीत चूक झाली तर कुठलाही इशारा येत नाही. दिवा चुकीचं वागतो, आणि त्याच्या वागण्यावरून दुखणं ओळखावं लागतं.

आकडे पोचवायला आज तारेऐवजी नेटवर्क वापरतात, आणि त्याच्या दोन रूढ वाटा आहेत. पहिली आर्ट-नेट. ब्रिटनच्या आर्टिस्टिक लायसन्स या कंपनीच्या वेन हॉवेल यांनी १९९८ मध्ये ती आणली आणि सर्वांना विनामूल्य वापरू दिली. तिच्या चौथ्या आवृत्तीत ३२,७६८ युनिव्हर्स मावतात. दुसरी एसएसीएन, म्हणजे २००९ चं ई१.३१ हे मानक. एकाच दिव्यावर दोन कन्सोल आकडे पाठवू लागले तर कोणाचं ऐकायचं, हे ठरवणारा प्राधान्यक्रम तिच्यात अंगभूत आहे. घरच्या सरावाला दोन्ही सारख्याच चालतात.

अडचणी इथेही येतात, पण त्या ठरलेल्या आहेत. विंडोजची फायरवॉल व्हिज्युअलायझरकडे येणारा संकेत अडवते. लॅपटॉपवर वायफाय आणि केबल दोन्ही चालू असतात आणि कन्सोल भलत्याच वाटेने आकडे पाठवत राहतो. एसएसीएनचा बहुप्रसारण पद्धतीचा संकेत घरगुती वायफायवर अडखळतो. दोन्ही सॉफ्टवेअर एकाच लॅपटॉपवर असली, तर आर्ट-नेटच्या ६४५४ क्रमांकाच्या पोर्टवर दोघंही हक्क सांगतात आणि कधी कधी एकाला बाहेर राहावं लागतं.

या सगळ्यावर कमी कटकटीचा उपाय म्हणजे दोन लॅपटॉप आणि मधे एक साधी नेटवर्क केबल. एकाला २.०.०.१ आणि दुसऱ्याला २.०.०.२ असा कायमचा पत्ता द्यायचा, मास्क २५५.०.०.० ठेवायचा आणि वायफाय बंद करायचं. चित्र रंगवण्याचं जड काम एका यंत्रावर आणि क्यूंचं काम दुसऱ्यावर, असं वाटूनही जातं. हे जमत नसेल तर एकाच लॅपटॉपवर १२७.०.०.१ या अंतर्गत पत्त्याने काम होतं का, ते आधी पाहावं. बऱ्याचदा होतं.

दहा वेळा विचारल्या जाणाऱ्या एका घोळाचा उलगडा इथेच करून टाकू. एसएसीएनमध्ये युनिव्हर्सची मोजणी १ पासून होते, आर्ट-नेटमध्ये ० पासून. कन्सोलच्या पडद्यावर ‘१’ दिसतो तो आर्ट-नेटने जाताना ० झालेला असू शकतो. सगळं बरोबर असूनही एकही दिवा पेटत नसेल, तर व्हिज्युअलायझरमधला युनिव्हर्सचा आकडा एकाने मागेपुढे करून पाहावा.

पत्ता आणि दिव्याचं वर्णन

आता त्या दुर्लक्षित तिसऱ्या बाबीकडे, दिव्याच्या वर्णनाकडे, वळू. एकाच मूव्हिंग हेडला बनवणारी कंपनी दोन-तीन मोड देते: थोडक्या चॅनेलचा साधा मोड, जास्त चॅनेलचा सविस्तर मोड. कन्सोलमध्ये एक मोड निवडला आणि व्हिज्युअलायझरमध्ये दुसरा, की गंमत सुरू होते.

एक उदाहरण सावकाश पाहू. चार मूव्हिंग हेड आहेत. कन्सोलमध्ये १६ चॅनेलचा मोड निवडला, म्हणून त्यांचे पत्ते १, १७, ३३ आणि ४९ झाले. व्हिज्युअलायझरमध्ये नकळत २० चॅनेलचा मोड घेतला आणि पत्ते आपोआप लावू दिले, तर ते १, २१, ४१ आणि ६१ होतात. समजा दोन्ही मोडमध्ये पहिला चॅनेल पॅनचा आहे, म्हणजे दिव्याने डावीकडे-उजवीकडे वळण्याचा, आणि कन्सोलच्या मोडमध्ये पाचवा डिमरचा. व्हिज्युअलायझरमधला दुसरा दिवा आपला पॅन २१ व्या चॅनेलवर शोधतो. कन्सोलच्या हिशेबात मात्र २१ वा चॅनेल म्हणजे त्याच दिव्याचा डिमर. परिणामी तुम्ही दुसऱ्या दिव्याचा उजेड वाढवायला जाता आणि तो पडद्यावर मान वळवू लागतो. तिसरा दिवा आठ चॅनेलनी चुकलेला असतो, चौथा बारांनी. पहिला दिवा मात्र बराचसा बरोबर वागतो, आणि माणूस फसतो तो त्याच्यामुळे. तो ठीक चालतोय म्हटल्यावर नेटवर्कवर संशय घेतला जातो आणि तास-दोन तास वाया जातात. निदानाचा नियम सोपा आहे: एकही दिवा हलत नसेल तर वाट तपासा, दिवे हलतायत पण वेड्यासारखे, तर मोड आणि पत्ता तपासा.

दुसरी खोच बारीक हालचालीची. मूव्हिंग हेड साधारण ५४० अंश वळतो. एकाच चॅनेलवर हा प्रवास २५५ पायऱ्यांत वाटला, तर एक पायरी दोन अंशांहून थोडी मोठी येते. दहा मीटर अंतरावर प्रकाशाचा गोल एका पायरीसरशी फूटभराहून जास्त उडी घेतो. म्हणून पॅन आणि टिल्टला (वर-खाली झुकण्याला) प्रत्येकी दोन चॅनेल देतात, एक ठळक आणि एक सूक्ष्म. मग तीच पायरी त्या अंतरावर दीड मिलिमीटरच्या आत येते. व्हिज्युअलायझरमध्ये सूक्ष्म चॅनेल नसलेला मोड असेल, तर नटीच्या मागे संथ सरकणारा स्पॉट पडद्यावर गचके खात जातो, आणि आपण उगाच क्यूच्या वेळा बदलत बसतो.

तिसरी खोच टांगण्याची. दिवा उलटा टांगलाय की जमिनीवर ठेवलाय, त्याचं तोंड प्रेक्षकांकडे आहे की मागच्या पडद्याकडे, हे व्हिज्युअलायझरला सांगावं लागतं. इथे चुकलं की डावं-उजवं उलटतं, आणि काही जण कन्सोलमध्ये ‘इन्व्हर्ट’ करून ते सरळ करतात. हा उपाय नाट्यगृहात अंगलट येतो. तिथे खरा दिवा योग्य दिशेने टांगलेला असतो आणि घरी केलेली दुरुस्तीच त्याला उलटं फिरवते. दिशा चुकली असेल तर ती आभासी रंगमंचावरच सुधारावी, कन्सोलला हात लावू नये.

या सगळ्या घोळाचं मूळ एकच होतं. प्रत्येक कन्सोल आणि प्रत्येक व्हिज्युअलायझर आपापल्या ग्रंथालयात त्याच दिव्याचं वर्णन आपापल्या पद्धतीने लिहून ठेवत असे. २०१८ मध्ये एमए लायटिंग, रोबे आणि व्हेक्टरवर्क्स या कंपन्यांनी जीडीटीएफ हा सामाईक आणि खुला फाइलप्रकार पुढे आणला. २०२० मध्ये त्याला जर्मनीच्या डीआयएन स्पेक १५८०० या क्रमांकाने मान्यता मिळाली. एका फाइलमध्ये दिव्याचे सगळे मोड, चॅनेलचा क्रम, पॅन-टिल्टच्या मर्यादा, रंगचक्रं, गोबोंची (झोतात आकृती उमटवणाऱ्या चकत्यांची) चित्रं आणि दिव्याची त्रिमितीय आकृती असते. त्याच्याच जोडीचा एमव्हीआर हा प्रकार आख्ख्या मांडणीचं वर्णन करतो: कोणता दिवा कुठे, किती उंचीवर, कोणत्या पत्त्यावर. आराखडा एका सॉफ्टवेअरमध्ये काढायचा, तीच फाइल कन्सोलने आणि व्हिज्युअलायझरने वाचायची, म्हणजे पत्ता आणि वर्णन दोन्ही एकदमच जुळतात.

हा प्रयत्न यशस्वी म्हणावा का? बराचसा. पण फाइल जितकी चांगली तितकाच उपयोग. जीडीटीएफच्या सामाईक संग्रहात उत्पादकांनी स्वतः चढवलेल्या फाइल आहेत तशा वापरणाऱ्यांनी हौसेने बनवलेल्याही आहेत, आणि दुसऱ्या गटातल्या प्रत्येक फाइलवर डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही. आपल्याकडे भाड्याने मिळणाऱ्या बिनानावाच्या आयात मूव्हिंग हेडची तर फाइलच नसते. कागदी माहितीपत्रक असलंच तर त्यावरून चॅनेलचा तक्ता आपणच भरावा लागतो. अशा वेळी एक दिवा भाड्याने देणाऱ्याच्या गोदामात जोडून एकेक चॅनेल वर-खाली करून पाहणं, याला पर्याय नाही.

बाजारात काय आहे

आजचे पर्याय तीन गटांत पडतात. पहिला गट कन्सोलच्या पोटातच असलेल्या व्हिज्युअलायझरचा. ग्रँडएमए३ मध्ये स्वतःचं त्रिमितीय दृश्य आहे, ईटीसीच्या ईऑसमध्ये ऑगमेंट-थ्रीडी आहे, चॅमसिसच्या मॅजिकक्यूमध्ये मॅजिकव्हिज आहे, आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेल्या अ‍ॅव्होलाइट्सच्या टायटनमध्ये कॅप्चर जोडलेलं आहे. इथे संकेताची वाट शोधावी लागत नाही आणि कन्सोलमध्ये दिवा नोंदवला की तो पडद्यावर येतो. दृश्याची गुणवत्ता कामापुरती असते. क्यू रचायला ती पुरेशी असते, निर्मात्याला दाखवून खूश करायला नाही.

दुसरा गट स्वतंत्र व्हिज्युअलायझरचा. कॅनडाच्या कास्ट कंपनीचं विझिविग हे या क्षेत्रातलं जुनं नाव. स्वीडनचं कॅप्चर, जर्मनीच्या सिंक्रोनॉर्मचं डेपेन्स आणि व्हेक्टरवर्क्सचं व्हिजन ही बाकीची ठळक नावं. डेपेन्सची सुरुवात पाण्याच्या कारंज्यांच्या खेळांपासून झाली, त्यामुळे पाणी, धूर, आतषबाजी दाखवण्यात त्याचा हात धरणारं दुसरं नाही. कॅप्चरचा भर वापरायच्या सोपेपणावर आहे. त्याच्या आवृत्त्यांची नावं सोलो, ड्युएट, क्वार्टेट आणि सिंफनी अशी आहेत. पहिल्या तिन्हींत अनुक्रमे एक, दोन आणि चार युनिव्हर्स, शेवटच्यात मर्यादा नाही. सीआयटीपी नावाच्या दुव्याने कॅप्चर आणि तो समजणारे कन्सोल एकमेकांशी दोन्ही बाजूंनी बोलतात. डीएमएक्सचा एकतर्फीपणा इथे थोडा भरून निघतो: पॅच, म्हणजे दिव्यांच्या पत्त्यांची नोंद, एकीकडून दुसरीकडे जातो, आणि पडद्यावर दिव्यावर टिचकी मारली की कन्सोलमध्ये तो निवडला जातो.

या गटात एक अट मात्र आधी वाचून घ्यावी. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर फुकट देतात, पण त्यातून बाहेर जाणाऱ्या संकेतावर कुलूप असू शकतं. एमए लायटिंगचं उदाहरण पाहा. ग्रँडएमए३ ऑनपीसी हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, पण बाहेरच्या व्हिज्युअलायझरशी बोलायचं तर कंपनीचं हार्डवेअर किंवा ‘विझ-की’ नावाची यूएसबी किल्ली विकत घ्यावी लागते. फुकट सॉफ्टवेअरवर कोणी आख्खा कार्यक्रम चालवू नये, ही कंपनीची बाजू समजण्यासारखी आहे. पण घरी सराव करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही तोच फटका बसतो. जोडणी होत नाही म्हणून केबल बदलत बसण्याआधी, आपल्या सॉफ्टवेअरला संकेत बाहेर पाठवायची परवानगी तरी आहे का, हे पाहावं.

तिसरा गट खुल्या सॉफ्टवेअरचा. क्यूएलसी-प्लस हे दिवे चालवणारं विनामूल्य सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं आणि आर्ट-नेट, एसएसीएन दोन्ही पाठवतं. ब्लेंडर या खुल्या त्रिमितीय सॉफ्टवेअरला ब्लेंडरडीएमएक्स ही पुरवणी जोडली, तर ते हे दोन्ही संकेत ऐकतं आणि जीडीटीएफ, एमव्हीआर फाइलही वाचतं. या जोडीला एक पैसा लागत नाही, लागते ती चिकाटी. मोठ्या सोहळ्यांचं आणि चित्रपटांचं काम करणारे लोक अनरिअल इंजिनकडे वळतायत. त्यातही डीएमएक्सची सोय आहे आणि चित्र डोळे दिपवणारं येतं, पण नाटकाच्या गटाला तेवढं जड यंत्र आणि तेवढं मनुष्यबळ परवडायचं नाही.

महाविद्यालयीन गटाने आज सुरुवात करायची तर मॅजिकक्यूचं संगणकावरचं विनामूल्य सॉफ्टवेअर आणि त्यातलंच मॅजिकव्हिज घ्यावं. जोडणीचा प्रश्नच येत नाही, आणि शिकलेलं पुढे खऱ्या कन्सोलवर कामी येतं. स्वस्त यूएसबी-डीएमएक्स पेटीच्या मागे लागायची गरज नाही. ती तारेने खरे दिवे चालवते, व्हिज्युअलायझरला तिचा उपयोग नसतो.

पडदा कुठे खोटं बोलतो

जोडणी झाली, दिवे बरोबर वागू लागले, आता चित्रावर विश्वास किती ठेवायचा? सगळ्यात मोठी फसगत धुराची. व्हिज्युअलायझरच्या रंगमंचावर मुळातच धूर सोडलेला असतो, म्हणून प्रत्येक झोत हवेत कोरल्यासारखा दिसतो. मैफलीत किंवा गणेशोत्सवातल्या शार्पी नावाच्या झोतदिव्यांत ते खरं असतं. दिवाणखान्याच्या नाटकात धूर नसतो, आणि झोत दिसतच नाही; दिसते फक्त तो जिथे पडतो ती जागा. नाटकाचं काम करताना धुराचं माप शून्यावर आणून ठेवावं. पहिल्याच मिनिटाला चित्र निम्मं फिकं होतं, आणि खऱ्याच्या जवळ येतं.

दुसरी फसगत तीव्रतेची. संगणकाचा पडदा जेवढा उजेड देऊ शकतो, तेवढ्यातच त्याला काळोखही दाखवायचा असतो आणि समोरून पडणारा झगझगीत स्पॉटही. शिवाय ब्लॅकआउटनंतर प्रेक्षकाच्या डोळ्याला सरावायला काही क्षण लागतात, हा नाट्यगृहातला अनुभव पडद्यावर येत नाही. हॅलोजनचा दिवा मंद केला की तांबूस होतो आणि विझताना तार क्षणभर रेंगाळते. एलईडी तसं करत नाही. आभासी दिव्यांत हा फरक नेहमीच उतरतो असं नाही. आणि पैठणीची जर, मेकअप, सेटला मारलेला रंग यांच्यावर उजेड कसा खेळेल, हे सांगणं अजून कुठल्याच व्हिज्युअलायझरच्या आवाक्यात नाही.

म्हणून कामाची वाटणी करावी. क्यूंचा क्रम, फेडच्या वेळा, मूव्हिंग हेडच्या जागा, झालरीमुळे झोत कापला जातो का, उंच बारवरून येणाऱ्या उजेडाने नटाच्या डोळ्यांखाली सावली पडते का, हे सगळं घरी ठरवता येतं. टक्केवारी आणि रंग नाट्यगृहातच ठरवावेत. ज्यांनी क्यूमध्ये थेट आकडे न लिहिता जागांचे आणि रंगांचे साठवलेले संच वापरलेत, त्यांना नाट्यगृहात फक्त ते संच सुधारावे लागतात आणि सगळे क्यू आपोआप सुधारतात. घरच्या तालमीचा सगळ्यात मोठा फायदा या शिस्तीत आहे. सुंदर चित्र ही त्यावरची भर.

आपल्या नाट्यगृहांचं काय

दौऱ्यावरच्या मराठी नाटकासाठी अडचण शेवटी सॉफ्टवेअरची राहत नाही, नकाशाची राहते. दादरचं शिवाजी मंदिर, पुण्याचं बालगंधर्व, ठाण्याचं गडकरी रंगायतन, पणजीची कला अकादमी: प्रत्येक रंगमंचाची खोली, बारची उंची, समोरच्या दिव्यांचं अंतर वेगळं. हे आकडे हाती असतील तर पुढच्या गावचा प्रयोग आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत जुळवता येतो. ते नसतील, तर महागातला महाग व्हिज्युअलायझरही कल्पनेतल्या रंगमंचावरच तालीम करून घेतो. आज हे आकडे प्रकाशयोजनाकारांच्या वह्यांत आणि जुन्या तंत्रज्ञांच्या डोक्यात असतात, आणि नवख्या गटाला ते फोन फिरवून मिळवावे लागतात.

हे बदलायला फार पैसा लागत नाही. आपली बरीच नाट्यगृहं महापालिकांची आहेत. नूतनीकरणाची निविदा काढताना त्यात एक ओळ वाढवावी, की काम संपल्यावर ठेकेदाराने रंगमंचाचा मोजमापांसहित आराखडा, बारच्या उंची, सर्किटांचे क्रमांक, दिव्यांचे प्रकार आणि डीएमएक्स पत्ते यांची फाइल एमव्हीआर प्रकारात द्यावी, आणि नाट्यगृहाने ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून द्यावी. एमव्हीआर जमत नसेल तर मोजपट्टीने काढलेला साधा नकाशाही पुष्कळ आहे. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेने पुढाकार घेतला, आणि प्रकाशयोजनाकारांनी आपापल्या वह्यांतले आकडे तिच्याकडे दिले, तर महापालिकांची वाट न पाहताही सुरुवात होऊ शकते. आपल्या गावच्या नाट्यगृहाची मापं तुमच्याकडे असतील, तर ती आजच कागदावर नीट उतरवा आणि पुढच्या गटाच्या हातात द्या.